पासपोर्टचे सामने

बावीस फेब्रुवारी येऊन गेला. दरवर्षीप्रमाणे १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमधल्या आइस हॉकीच्या अंतिम सामन्याची ती क्लिप मोबाइलवर आली. क्लिपभर चेक गोलरक्षक हाशेक आडवा, उभा, पालथा, काठी सोडून हाताने पक पकडणारा. मध्येच दोन सेकंद पेत्र स्वोबोदा दिसतो, निळ्या रेषेजवळून फटका मारतो आणि पुन्हा हाशेक सुरू होतो. त्याची आता सवय झाली आहे. या वेळी डोकं फिरवलं ते क्लिपच्या शेपटीला बांधलेल्या यादीने. चेक बचावपटूंची क्रमवारी, आणि ती कशावरून लावलेली, तर एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या सामन्यांवरून. सगळ्यात वर रोमान हामर्लिक, १३९५ सामने. त्याच्या बरंच खाली स्वोबोदा, १०२८. आणि पार तळाला यिरी बुब्ला, २५६. पाठवणाऱ्या वाचकाने खाली एकच ओळ लिहिली होती: ‘घ्या तुमचे बुब्ला.’ मागे या सदरात बुब्लाबद्दल चार बरे शब्द लिहिले होते, त्याची ही परतफेड.

घेतले. आता जरा बसून हिशेब करू.

बुब्ला आणि स्वोबोदा एकाच क्लबचे. उत्तर बोहेमियातलं लित्वीनोव्ह: कोळशाच्या खाणी, रासायनिक कारखाना आणि त्या कारखान्याचा हॉकी संघ. दोघांची जागाही एकच, बचावाची. फरक सोळा वर्षांचा. बुब्ला १९५० चा, स्वोबोदा १९६६ चा.

बुब्ला राजमार्गाने गेला. १९७२, १९७६ आणि १९७७ असा तीनदा जगज्जेता झाला, १९७६ ला इन्सब्रुकमध्ये ऑलिंपिकचं रौप्य घेतलं. देशाची एवढी चाकरी झाल्यावर, १९८१ मध्ये, सरकारने त्याला आणि इव्हान ह्लिन्काला कॅनडात व्हँकुव्हरला जाऊ दिलं. तेव्हा दोघेही एकतीस वर्षांचे होते. परवानगी म्हणजे बक्षीस होतं आणि सरकारच्या तिजोरीत डॉलरही येत होते. बैल म्हातारा झाला की बाजार दाखवायचा, ही रीत आपल्याला नवी नाही. बचावपटूचे गुडघे एकतिसाव्या वर्षी काय म्हणतात ते त्या गुडघ्यांनाच विचारा. दिवसभर उलटं घसरायचं, समोरून येणाऱ्याच्या काठीवरच्या पककडे नव्हे तर त्याच्या छातीकडे पाहत, आणि ऐन क्षणी कंबरेतून वळून त्याला फळीच्या कोपऱ्यात न्यायचं, जिथून गोल दिसतही नाही. आकड्यांच्या रकान्यात यातलं काही येत नाही. तरीही बुब्लाने तिथे पाच हंगाम काढले.

स्वोबोदा थांबला नाही. एप्रिल १९८४ मध्ये अठरा वर्षांखालील संघाबरोबर तो पश्चिम जर्मनीत खेळायला गेला आणि परत आलाच नाही. एनएचएलमधल्या माँट्रिऑल संघाचे व्यवस्थापक सर्ज सावार यांनी त्याला गुपचूप आपल्या शहरात आणून दडवून ठेवलं. जूनमध्ये ड्राफ्ट, म्हणजे एनएचएल संघांनी नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, माँट्रिऑलच्याच फोरम स्टेडियममध्ये होता. पाचव्या क्रमांकावर स्वोबोदाचं नाव पुकारलं गेलं आणि जो लोखंडी पडद्यामागे असायला हवा होता तो काटकुळा पोरगा सगळ्यांसमोर येऊन उभा राहिला. चेक भाषेत ‘स्वोबोदा’ म्हणजे स्वातंत्र्य. आडनाव तिकडे आपल्या पाटलांइतकं सर्रास आहे, त्यामुळे यात काही दैवी संकेत शोधू नये. पण एखाद्या कादंबरीकाराने हे नाव ठेवलं असतं तर संपादकाने बदलायला लावलं असतं.

पुढचं सगळं यादीत आहेच. १९८६ चा एनएचएल विजेतेपदाचा स्टॅनले कप, माँट्रिऑलनंतर बफेलो, फिलाडेल्फिया, टँपा. १०२८ सामने, ५८ गोल. म्हणजे सुमारे अठरा सामन्यांत एक गोल. हामर्लिकने नऊ सामन्यांत एक केला. यादीवाल्यांना यातूनही काहीतरी सिद्ध करता येईल. माझा कर्जदार असलेला एक मित्रही असाच हिशेब करतो.

आता वजाबाकी. १०२८ वजा २५६, म्हणजे ७७२. हे ७७२ सामने गुणवत्तेचे नाहीत, ते पासपोर्टचे आहेत. एकाला दार एकतिसाव्या वर्षी उघडलं, दुसऱ्याने अठराव्या वर्षी खिडकीतून उडी मारली. हामर्लिकला दारही लागलं नाही आणि खिडकीही. १९८९ ला भिंतच पडली होती, म्हणून १९९२ मध्ये टँपाने त्याला ड्राफ्टमध्ये सर्वांत पहिला उचलला तेव्हा तो राजरोस मंचावर गेला. तिघांच्या आकड्यांची चढण पाहा: २५६, १०२८, १३९५. मला तर हा चेक सीमेचा इतिहास वाटतो. त्याला बचावाची क्रमवारी म्हणणाऱ्यांनी भूगोलाची परीक्षा पुन्हा द्यावी.

आणि खिडकीतून उडी फुकट नव्हती. बुब्ला एकतीस वर्षांचा होईपर्यंत देशासाठीच खेळला होता. पळून गेलेल्या स्वोबोदाला देशाच्या जर्सीत ऑलिंपिकच्या बर्फावर उतरायला १९९८ उजाडलं. एनएचएलने हंगाम थांबवून आपले खेळाडू ऑलिंपिकला सोडले, ते त्या वर्षी पहिल्यांदा. अंतिम सामन्याच्या आठ दिवस आधी त्याला बत्तीस पूर्ण झाली होती. एकाला देशाबाहेर जायला जेवढी वर्षं लागली, जवळपास तेवढीच दुसऱ्याला देशाकडून ऑलिंपिक खेळायला लागली. आणि या पळपुट्याला संघात घेणारा प्रशिक्षक कोण? ह्लिन्का. तोच, जो बुब्लाबरोबर रीतसर परवानगी घेऊन गेला होता. तोही लित्वीनोव्हचा. (कारखान्याच्या गावांतच खरे बचावपटू पिकतात असं माझं जुनं मत आहे. पुरावा मागू नका, माझ्याकडे एकच गाव आहे.)

रशियाचा पावेल बुरे उपांत्य सामन्यात फिनलंडविरुद्ध एकट्याने पाच गोल करून आला होता. अंतिम सामन्यात त्याला शून्य. श्रेय अर्थातच हाशेकला. प्रागमध्ये लोकांनी त्याला थेट राष्ट्राध्यक्षांच्या किल्ल्यात पाठवायच्या घोषणा दिल्या. द्याव्यात, माणूस तेवढा मोठा होताच. पण बुरे त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आधी वाटेत जे उभे होते, त्यांच्या नावाने कोणी घोषणा दिल्याचं मी ऐकलं नाही. एनएचएलमधल्या सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक आजवर एकाही चेकला मिळालेला नाही, आणि तो बहुतेक वेळा जास्त गुण जमवणाऱ्यालाच जातो, यावर या सदरात इतकं लिहून झालंय की आता संपादकच हात जोडतात.

यादी पाठवणाऱ्या वाचकांना एवढंच सांगतो, नागानोचे शेवटचे दोन गुणफलक काढून बघा. उपांत्य सामना कॅनडाशी, १-१, मग शूटआउट. अंतिम सामना रशियाशी, १-०. शूटआउट सोडलं तर या दोन सामन्यांत चेक संघाने मिळून गोल केले दोन, आणि दोन्ही बचावपटूंचे. रशियाविरुद्धचा स्वोबोदाचा. कॅनडाविरुद्ध गोलरक्षक पॅट्रिक रॉयला चकवणारा यिरी श्लेग्रचा. आडनाव वेगळं आहे, पण श्लेग्र हा बुब्लाचा मुलगा.