जवळीक कशाने मोजायची?

नागापूर हे एमआयडीसीचे गाव. मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती एकाच शिफ्टला कामावर जातात. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 मध्ये सुरू झाले, म्हणजे इथला ख्रिस्ती समाज काही काल आलेला नाही. तरीही त्यांच्याविषयी आपल्याला मिशनची शाळा, दवाखाना आणि नाताळ एवढेच ठाऊक. आपली चर्चा ‘देव एक की तीन’ इथे सुरू होते आणि तिथेच भांडणात संपते.

कुरआनने मात्र वेगळी गोष्ट हेरली आहे. सूरह माइदाच्या 82 व्या आयतीत ख्रिस्ती लोकांना ईमानवाल्यांशी मैत्रीत जवळचे म्हटले आहे. कारण काय दिले? त्यांच्यात विद्वान आणि संन्यासी आहेत, आणि ते गर्व करत नाहीत. श्रद्धेतले मतभेद कुरआनने लपवलेले नाहीत. पण जवळीक मोजली ती नम्रतेने.

याचे आपल्या नगरमधले उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि पुढे बरीच वर्षे नगरमध्ये राहिले. मोठे कवी, मिशनमध्ये मान. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मला हा त्याग पगाराच्या त्यागापेक्षा मोठा वाटतो. ‘आत कोण, बाहेर कोण हे मी ठरवणार’ हा हक्क सोडणे कोणत्याही धार्मिक माणसाला सर्वांत जड जाते. आपल्याकडेही कुफ्रचे फतवे किती स्वस्त झाले आहेत!

पण वैराग्याची दुसरी बाजूही आहे. हाती आलेले वाटून टाकणाऱ्या टिळकांचा संसार लक्ष्मीबाईंनी कसा ओढला, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला माहीत आहे. इस्लामने संन्यासाचा आदेश दिला नाही, तो यासाठीच. रात्रंदिवस इबादतीत बुडालेल्या अबू दरदा यांना सलमान फारसी यांनी बजावले की घरच्यांचाही तुमच्यावर हक्क आहे, आणि पैगंबरांनी (स.) ते खरे ठरवले. जुह्द म्हणजे घर सोडणे नव्हे, घरात राहून हाव सोडणे. ज्या वैराग्याचा खर्च बायको भरते, ते अपुरेच.

राहिले मौन. पिलातापुढे आरोप होत असताना येशू गप्प राहिले, असे शुभवर्तमान सांगते. बाळ घेऊन आलेल्या हजरत मरियम यांच्यावर लोकांनी शिंतोडे उडवले तेव्हा त्यांनीही मौनाचा रोजा धरला होता. त्यांनी फक्त बाळाकडे बोट दाखवले, असे सूरह मरियम सांगते. दोन्ही धर्मांत हे मौन दुबळ्याचे नाही. दुसऱ्यावर अन्याय होत असेल तर बोललेच पाहिजे. पण स्वतःच्या अपमानाला प्रत्येक वेळी स्टेटस टाकून उत्तर देण्याची गरज नसते.

आज धर्मांतराच्या संशयाने ख्रिस्ती माणसाकडे पाहिले जाते, आपल्याकडे दुसऱ्या संशयाने. संशयाचा काच आपल्याला कळतो, म्हणून पहिले पाऊल आपणच टाकावे. शिफ्टमधल्या ख्रिस्ती सोबत्याला ‘तीन देव कसे?’ विचारण्याआधी एवढे विचारा: तुमच्या उपवासकाळात तुम्ही काय सोडता? रमजान पाळणाऱ्या माणसाला त्याचे उत्तर लगेच कळेल.