फिटची गोळी, लग्नाचा फॉर्म आणि मेंदूच्या डॉक्टरांची संघटना

गेल्या महिन्यात आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यात आम्ही नेहमीप्रमाणे आरोग्य तपासणीचे टेबल मांडले होते. रक्तदाब, साखर, वजन, हिमोग्लोबिन. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा एक आई मुद्दाम मागे राहिली. हातात मेळाव्याचा फॉर्म होता. त्यातल्या ‘काही आजार असल्यास’ या रकान्यावर बोट ठेवून तिने विचारले, “मॅडम, इथं काय लिहू?”

मुलीला आठवीत असताना पहिली फिट आली. गोळी सुरू झाली, मुलगी शिकली, बी.एस्सी. झाली, आता एका लॅबमध्ये नोकरी करते. चार वर्षांत एकही झटका नव्हता. मग गेल्या दिवाळीनंतर पाहुणे बघायला येणार म्हणून आईने गोळ्यांची पाकिटे माळ्यावर ठेवून दिली. कोणाच्या नजरेला पडू नयेत एवढाच हेतू. आठ दिवस गोळी चुकली. पाहुणे चहा-पोहे घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी मोरीत पडली. कपाळाला पाच टाके पडले. सोयरीक जुळली नाहीच, आणि चार वर्षांची गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर आली.

त्या माउलीला आम्ही काय सांगितले ते पुढे येईलच. पण टेबल आवरताना आमच्यात जी चर्चा झाली ती या पानावर मांडणे आम्हाला गरजेचे वाटते. या आईला आठवीपासून आजपर्यंत तीन डॉक्टरांनी तपासले. गोळी एकदम बंद केली तर झटका परत येतो आणि तो जास्त जोराचा असू शकतो, हे तिला समजेल अशा भाषेत कोणी सांगितले नव्हते. कायदा काय म्हणतो, हे तर नाहीच नाही.

आधी कायद्याचेच बोलू. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची आपली मागणी आहे ती आहेच. पण आज आपल्या मंगलपरिणयाला 1955 चा हिंदू विवाह कायदाच लागू होतो. त्याच्या कलम 2 मध्ये बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. या कायद्यात मुळात फेफऱ्याचा शब्द नव्हता. 1976 च्या दुरुस्तीने तो आला. वेडाचे किंवा फेफऱ्याचे वारंवार झटके येणारी व्यक्ती विवाहाला पात्र नाही, असे एका ओळीत दोन्ही जोडून लिहिले गेले. अशा व्यक्तीचे लग्न नवऱ्याने किंवा बायकोने कोर्टात जाऊन रद्द करून घ्यावे, अशी सोय झाली. मेंदूतल्या विजेच्या क्षणभराच्या गडबडीला कायद्याने वेडाच्या रांगेत बसवले आणि तेवीस वर्षे बसवून ठेवले. या काळात किती मुलींना माहेरी परत पाठवले गेले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

1999 मध्ये संसदेने ते शब्द काढून टाकले. हिंदू विवाह कायद्यातून काढले आणि विशेष विवाह कायद्यातूनही काढले. म्हणजे आज फेफरे आहे एवढ्या कारणावरून कोणाचे लग्न बेकायदा ठरत नाही. आमच्या मेळाव्याला आलेल्या शंभरेक पालकांपैकी हे किती जणांना ठाऊक होते? आम्ही सहज विचारत गेलो. एकालाही नाही. दोन वकील होते, त्यांतल्या एकाने “काहीतरी बदल झालाय खरा” एवढे सांगितले.

ही दुरुस्ती आपोआप झाली नाही. त्यासाठी इंडियन एपिलेप्सी असोसिएशन या संस्थेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. या संस्थेत डॉक्टर आहेत, पण एकटे डॉक्टर नाहीत. फेफरे असलेली माणसे, त्यांचे आईबाप, शिक्षक, समाजसेवक हेही तिथे सभासद म्हणून बसतात. आमच्या सांगण्याचा मुद्दा इथेच आहे.

मेंदूच्या डॉक्टरांच्या संघटना आपल्या देशात आज-काल निघालेल्या नाहीत. 1951 मध्ये मद्रासला डॉ. जेकब चांडी, डॉ. बी. राममूर्ती, डॉ. बलदेव सिंग आणि डॉ. एस. टी. नरसिंहन या चौघांनी न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. देशात मेंदूचे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते तेव्हाची ही गोष्ट. त्या पिढीने वेल्लोर, मद्रास, दिल्ली अशा ठिकाणी विभाग उभे केले, पोरे शिकवली. त्यांचे ऋण आहेच. पुढे मेंदूची शस्त्रक्रिया न करणाऱ्या, औषधाने उपचार करणाऱ्या न्यूरोलॉजिस्टांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आपली वेगळी इंडियन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी काढली. तिची दरवर्षी मोठी परिषद भरते, तिचे संशोधनाचे नियतकालिक निघते, उपचार कसे करावेत याबद्दल तज्ज्ञांची मते छापली जातात. अर्धांगवायू, फेफरे, कंपवात, डोकेदुखी, स्मृतिभ्रंश यांवर डॉक्टर एकमेकांकडून शिकतात. हे काम वाया जाणारे नाही. नवे ज्ञान डॉक्टरपर्यंत पोहोचले नाही तर रुग्णापर्यंत कसे येणार?

पण ते रुग्णापर्यंत येते का, हा आमचा प्रश्न आहे. परिषद मोठ्या शहरातल्या हॉटेलात, भाषा इंग्रजी, बाहेर औषध कंपन्यांचे स्टॉल, आत नव्या महागड्या औषधांची चर्चा. आणि आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात साधी फेनोबार्बिटोनची गोळी दोन-दोन महिने नसते. हे औषध 1912 पासून वापरात आहे. फेनिटॉइन 1938 पासून. दोन्ही स्वस्त, दोन्ही सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत. नियमित औषध मिळाले तर दहापैकी सात जणांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीच संघटना असेही सांगते की गरीब देशांत चारपैकी तिघांना योग्य उपचार मिळत नाहीत. शंभर वर्षांपूर्वीचे औषध आणि आजचा रुग्ण यांच्यामध्ये विज्ञान कुठेच अडलेले नाही. अडली आहे ती गाडी, जी गोळ्यांचा खोका जिल्ह्यातून तालुक्याला आणते.

एकशे चाळीस कोटींच्या देशात न्यूरोलॉजिस्ट काही हजारांच्या घरात, आणि त्यातले बहुतेक मोठ्या शहरांत. ते गावोगाव येऊ शकत नाहीत हे आम्हाला कळते. पण साध्या फेफऱ्याला न्यूरोलॉजिस्टची रोज गरजही नाही. निदान एकदा नीट झाले, औषध बसले, की पुढची काळजी प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर घेऊ शकतो, आशाताई गोळी चुकली का हे विचारू शकते, अडले तर ई-संजीवनीवरून तज्ज्ञाला विचारता येते. महाराष्ट्रात एपिलेप्सी फाउंडेशनने सरकारी आरोग्य यंत्रणेला बरोबर घेऊन जिल्ह्या-जिल्ह्यांत फेफऱ्याची शिबिरे घेतली आहेत. म्हणजे मनात आणले तर मेंदूचा डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन बसतो. हे एका-दोघांच्या तळमळीवर न सोडता संघटनेने आपले नेमाचे काम मानावे, एवढेच आम्ही म्हणतो.

आणखी एक गोष्ट आहे, जी डॉक्टरांनी मोठ्या आवाजात सांगायला हवी होती आणि सांगितलेली नाही. आपल्या देशात फेफऱ्याचे एक मोठे कारण म्हणजे मेंदूत होणारी जंताची गाठ. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीशी तिचा संबंध आहे, एवढे लोकांनी ऐकलेले असते. त्यावरून आपल्या वस्तीतल्या माणसाला फिट आली की “तुमच्यात ते खातात ना” असे ऐकवले जाते. आमच्यातल्या एका कार्यकर्त्याला हे दवाखान्याच्या रांगेत, कर्मचाऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले. खरी गोष्ट अशी आहे. कच्चे राहिलेले मांस खाल्ले तर तो कृमी आतड्यात होतो. मेंदूतली गाठ मात्र मांसातून होत नाही. ज्याच्या आतड्यात कृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या भाजीतून, घाण पाण्यातून, हातांतून दुसऱ्याच्या पोटात जातात आणि मग गाठ होते. त्यामुळे जन्मात मांस न शिवलेल्या माणसालाही ती होते, आणि होतेच. दोष संडास नसण्याचा, गटाराच्या पाण्यावर पिकवलेल्या भाजीचा आहे. जातीचा नाही, ताटाचाही नाही. एवढे वाक्य मेंदूच्या डॉक्टरांच्या संघटनेने सोप्या मराठीत छापून प्रत्येक सरकारी दवाखान्यात लावले तर एक अपमान कमी होईल.

संघटनेच्या आत कोण आहे हाही प्रश्न आम्ही विचारणार. न्यूरोलॉजिस्ट व्हायचे तर एमबीबीएस, एमडी आणि वर डीएम. डीएमच्या जागांना जातीनिहाय आरक्षण नाही. 1992 च्या इंद्रा साहनी निकालात अशा अतिविशेष जागांना आरक्षण नको असे मत नोंदवले गेले आणि 1999 च्या प्रीती श्रीवास्तव खटल्यात त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब झाले. तो वाद आज इथे उकरत नाही. पण आपल्या सभासदांत अनुसूचित जाती-जमातींचे डॉक्टर किती, हे मोजायला संघटनेला कोणत्याही कोर्टाची आडकाठी नाही. मोजावे आणि जाहीर करावे. आपली मुले-मुली तिथवर पोहोचत असतील तर आम्हाला आनंदच आहे, नसतील तर शिष्यवृत्ती कुठे कमी पडते ते तरी दिसेल.

दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. त्यात कंपवात आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. फेफऱ्याचे नाव नाही. औषधांनीही झटके न थांबणाऱ्या माणसाला ना प्रमाणपत्र, ना सवलत. 1999 ला जे जमले ते इथेही जमायला हवे, आणि त्यासाठी पुन्हा डॉक्टरांच्या शेजारी रुग्णाची खुर्ची लागेल.

आता त्या माउलीला दिलेले उत्तर. आम्ही म्हणालो, लपवू नका. फेफरे असल्याने लग्न बेकायदा होत नाही, पण महत्त्वाची गोष्ट दडवून संमती घेतली असे म्हणत समोरचा माणूस आजही कोर्टात जाऊ शकतो. त्याहून मोठे कारण म्हणजे लपवलेली गोळी चुकते. रकान्यात आजाराचे नुसते नाव लिहून सोडू नका. ‘फेफरे, औषध नियमित, अमुक महिने झटका नाही’ असे लिहा. पसंती पुढे जायला लागली की दोन्हीकडची मंडळी मिळून डॉक्टरकडे जा. मुलीची गोळी कोणती ते पाहा. सोडियम व्हॅल्प्रोएट असेल तर गरोदरपणात बाळाला धोका असतो, म्हणून लग्न ठरण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलून बदल करता येतो का ते विचारा. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हेही नवविवाहितेला कोणी सांगत नाही.

आणि आपण सगळ्यांनी. विहारात, मिरवणुकीत, 6 डिसेंबरच्या गर्दीत कोणाला झटका आला तर चप्पल, कांदा, किल्ल्या हे सगळे दूर ठेवा. आजूबाजूची टोकदार वस्तू सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, माणसाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबले नाही, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरा झटका आला, तर 108 ला फोन करा. कोणीतरी मोबाइलवर झटक्याचे चित्रीकरण करून ठेवले तर डॉक्टरला निदानासाठी फार उपयोग होतो. ते व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकण्यासाठी नव्हे, हे सांगावे लागते हेही दुर्दैव.

भगताकडे नेणारे घर आजही आपल्यात आहे. त्यांना हिणवून काही होत नाही. एक आजी आम्हाला म्हणाली, “दवाखान्यात गोळी नव्हती, भगत घरीच होता.” यावर आम्हाला काही बोलता आले नाही.

इंडियन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीला आम्ही पत्र लिहिले आहे. फेफऱ्याची माहिती देणारी मराठी पत्रिका, प्राथमिक आरोग्य केंद्रात चार मूलभूत औषधे कायम असावीत यासाठी राज्य सरकारकडे संघटनेच्या नावाने लेखी मागणी, आणि पुढच्या वार्षिक परिषदेत रुग्ण व पालकांचे एक सत्र, एवढेच त्यात मागितले आहे. 17 नोव्हेंबरला राष्ट्रीय मिरगी दिन असतो. त्या आठवड्यात आपल्या विहारात तपासणी आणि गोळ्यांची विचारपूस ठेवणार आहोत. मेळाव्यातल्या त्या मुलीने स्वतः टेबलावर बसायचे कबूल केले आहे. पत्राचे उत्तर आले की याच पानावर छापू. मेळाव्याचा नवा फॉर्म मात्र आम्ही बदलून घेतला आहे. ‘काही आजार असल्यास’ या रकान्याखाली आता ‘चालू औषध व किती महिने त्रास नाही’ अशी आणखी एक ओळ आहे.