‘मुरू द्या’ म्हणणाऱ्यांस

आइस हॉकीतला डिफेन्समन म्हणजे कैरीचं लोणचं, असा एक सिद्धान्त टोरंटो परिसरातल्या आमच्या मराठी मित्रमंडळींत सध्या जोरात आहे. सिद्धान्ताचे जनक एक ज्येष्ठ गृहस्थ. नाव सांगत नाही. हॉकीवेड्या प्रत्येक गावात असे एक गृहस्थ असतातच. आमच्या मेपल लीफ्स संघाचे दोन बचावपटू जायबंदी आहेत. तिसऱ्या जोडीतला पोक्त खेळाडू कोपऱ्यातला पक उचलायला वळतो, तोवर समोरचा फॉरवर्ड येऊन त्याची ख्यालीखुशाली विचारून पक घेऊन गेलेला असतो. खालच्या संघात मात्र विशीतला एक पोरगा दर सामन्यात बावीस-तेवीस मिनिटं खेळतोय. अशा वेळी कोणी म्हणालं, ‘बोलवा की त्याला वर’, की गृहस्थ डोळे मिटून उत्तर देतात: ‘मुरू द्या.’

पूर्वपक्ष असा. फॉरवर्ड चुकला तर संधी जाते, डिफेन्समन चुकला तर गोल बसतो. म्हणून त्याने आधी खालच्या पातळीवर तीनशे व्यावसायिक सामने खेळावेत. घाईने वर आणलात तर तो सातवा डिफेन्समन म्हणून वर गॅलरीत बसून पॉपकॉर्न खाणार. खेळवलात तर चार चुका करून आत्मविश्वास घालवून बसणार. आणि शेवटी हुकमाची पानं: लिडस्ट्रॉम, चारा, कीथ. हे तिघे मुरले, म्हणून मोठे झाले. एवढ्या भांडवलावर गृहस्थ कित्येक वर्षं वाद जिंकत आलेत, कारण समोरच्याला घरी जायची घाई असते.

ज्यांना या भानगडीची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येकाशी जोडलेला एक संघ खालच्या एएचएल या लीगमध्ये असतो. सामन्याला एका संघाचे सहा डिफेन्समन उतरतात, दोन-दोनच्या तीन जोड्या करून. वरचा कोणी पडला की खालच्याला बोलावणं जातं; त्याला इथे कॉल-अप म्हणतात. रेंजर्सच्या पोराला त्यासाठी हार्टफर्डहून न्यूयॉर्क गाठावं लागतं, बोस्टनच्याला प्रॉव्हिडन्सहून निघावं लागतं. टोरंटोत दोन्ही संघ, वरचा मेपल लीफ्स आणि खालचा मार्लीज, एकाच शहरात! मार्लीजच्या मैदानाजवळून, एक्झिबिशन प्लेसपासून, ५०९ नंबरची स्ट्रीटकार युनियन स्टेशनला जाते, आणि मेपल लीफ्सचं मैदान तिथून पायी अगदी जवळ. तर वाद आहे तो एवढ्याशा प्रवासाचा.

आता हुकमाच्या पानांकडे वळू. निकलास लिडस्ट्रॉम हे गृहस्थांचं आराध्यदैवत. डेट्रॉइटने त्याला १९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतला, ५३वा. तो संघात आला १९९१ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी. सात वेळा नॉरिस ट्रॉफी, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोत्तम डिफेन्समनचा मान. सगळं खरं. फक्त एक गोष्ट गृहस्थ सांगत नाहीत, बहुधा त्यांना ठाऊकच नसावी: लिडस्ट्रॉम एएचएलमध्ये एकही सामना खेळला नाही. स्वीडनमध्ये वेस्टेरोसच्या मोठ्यांच्या संघातून तो थेट डेट्रॉइटला आला. ज्या बरणीत हे पोरांना मुरवायला निघालेत, त्या बरणीला त्याचा हातसुद्धा लागलेला नाही.

झ्देनो चारा. न्यूयॉर्क आयलंडर्सने १९९६ मध्ये घेतला, ५६वा. खाली केंटकीत खेळला हे कबूल. पण १९९७-९८ पासूनच तो वरही खेळत होता, आणि आयलंडर्सचा तो काळ बघवत नव्हता. हरणाऱ्या संघात चुका करत करत तो शिकला. २००१ मध्ये आयलंडर्सने त्याला ओटावाला देऊन टाकला, तेव्हा त्याचं शिक्षण बरंचसं उरकलेलं होतं. फी आयलंडर्सने भरली आणि पदवी दुसऱ्यांच्या हाती लागली. नॉरिस त्याला २००९ मध्ये मिळाली, तीही बोस्टनला. यातून काढायचाच असेल तर निष्कर्ष असा निघतो की वर शिकवलेला पोरगा विकू नये.

आता डंकन कीथ. हे पान जड आहे. दोन पूर्ण मोसम, २००३-०४ आणि २००४-०५, तो नॉरफोकला एएचएलमध्ये होता. नंतर शिकागोसाठी तीन स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, दोन नॉरिस, २०१५ मध्ये प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ. गृहस्थांचा आवाज कीथवर आला की चढतो. पण महाराज, २००४-०५ मध्ये एनएचएल झालीच नव्हती! मालक आणि खेळाडूंच्या भांडणात तो अख्खा मोसम रद्द झाला. त्या वर्षी कीथला वर बोलावायला वर होतं कोण? लीग पुन्हा सुरू झाली त्याच मोसमात तो शिकागोसाठी उतरला. म्हणजे दोन वर्षांच्या मुरवणीतलं एक वर्ष टाळेबंदीचं निघालं, आणि हे त्याला संघ व्यवस्थापनाची दूरदृष्टी म्हणतात.

तिन्ही पानं अशी. यावर कोणी म्हणेल, तीन नावांनी काय होतं. बरोबर, काही होत नाही. पण नावं काढायची सुरुवात आम्ही केली नाही. आता आमची ऐका. २०२१ ते २०२५ या पाच वर्षांतल्या नॉरिस विजेत्यांची यादी अशी: ॲडम फॉक्स, केल मकार, एरिक कार्लसन, क्विन ह्यूज, पुन्हा मकार. यांत एएचएलचं पाणी प्यायला तो एकटा कार्लसन, तोही अगदी कोवळ्या वयात, मोजके सामने. बाकीचे तिघे कॉलेजातून थेट वर. फॉक्स हार्वर्डचा, ह्यूज मिशिगनचा, मकार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा.

मकारची गोष्ट तर गृहस्थांना रोज सकाळी ऐकवावी. १३ एप्रिल २०१९ च्या शनिवारी बफलोला कॉलेजच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्याचा संघ ०-३ ने हरला. रविवारी त्याने कोलोरॅडोशी करार केला. सोमवारी रात्री डेन्व्हरला कॅलगरीविरुद्ध प्लेऑफचा तिसरा सामना होता. साखळीतला साधा सामनाही गाठीला नसलेला हा पोरगा थेट प्लेऑफमध्ये उतरला आणि पहिल्याच सामन्यात गोल करून मोकळा झाला. त्या संध्याकाळी त्याच्या व्यावसायिक सामन्यांची संख्या होती शून्य. तीनशेच्या नियमात दोनशे नव्याण्णवची सूट कोणाला देत नाहीत, याला तर तीनशेच्या तीनशे माफ झाले.

‘कॉलेजात मुरलाच की तो!’ हे गृहस्थांचं उत्तर मला पाठ आहे. म्हणजे कॉलेजात मुरला तरी चालतं, स्वीडनमध्ये मुरला तरी चालतं, टाळेबंदीतही मुरतो, हरणाऱ्या आयलंडर्समध्येही मुरतो. मग मुरत नाही कुठे? फक्त लीफ्सच्या तिसऱ्या जोडीत? यशस्वी झाला तो मुरलेला, पडला तो कच्चा, आणि हे ठरवायचं दहा वर्षांनी. अशा सिद्धान्ताला हरवता येत नाही, कारण तो काही सांगतच नाही.

उंचीच्या वादातही हेच घडलं होतं. याच मंडळींनी एके काळी छातीठोक सांगितलं होतं की सहा फुटांखालचा डिफेन्समन एनएचएलमध्ये भिंतीला चिकटवला जाईल. चाराची ६ फूट ९ इंच उंची तेव्हा प्रमाण मानली जायची. मग ह्यूज आला, ५ फूट १० इंचांचा. मग माँट्रियलचा लेन हटसन, ५ फूट ९. चाराहून बरोबर एक फुटाने बुटका. २०२२ मध्ये पहिल्या ६१ निवडींत तो कोणालाच नको होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याला दोन सामने दिले, आणि पुढच्या मोसमात त्याने ६६ गुण करून सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी नेली. तीही माँट्रियलला, हे टोरंटोकराला लिहिताना किती जड जातं ते इथे राहणाऱ्यांनाच कळेल. उंचीचा मुद्दा मंडळींनी मागे घेतला नाही. त्याबद्दल बोलणं तेवढं थांबवलं.

आमच्या बाजूच्यांनाही एक विनंती. सचिन सोळाव्या वर्षी कराचीत उतरला हा दाखला कृपा करून देऊ नका. फलंदाज चुकला की तंबूत जातो आणि त्याचं दुःख त्याच्यापाशी राहतं. डिफेन्समन चुकला की पुढच्या चाळीस सेकंदांसाठी तो तिथेच, त्याच चुकीच्या मागे धावत असतो. गृहस्थांना अशी आयती फुलटॉस कशाला टाकायची?

राहिलेल्या आक्षेपांना इतका वेळ देण्याचं कारण नाही. आत्मविश्वास मोडतो म्हणे. गृहस्थांचं उदाहरण ल्यूक शेन: २००८ मध्ये १८ वर्षांचा असताना लीफ्सने थेट वर खेळवला आणि ‘वाया घालवला’. हा वाया गेलेला इसम एनएचएलमध्ये हजाराहून जास्त सामने खेळला आणि टँपाबरोबर दोन स्टॅन्ली कप उचलून आला. देव करो आणि आमची सगळी पोरं अशीच वाया जावोत. क्रिस प्रॉंगरच्या हार्टफर्डच्या तेव्हाच्या एनएचएल संघातल्या सुरुवातीच्या चुकांची चर्चा तर फार झाली; २००० साली नॉरिस आणि लीगमधल्या सर्वात मौल्यवान खेळाडूची हार्ट, दोन्ही त्यानेच नेल्या. पॉपकॉर्नच्या आक्षेपाला उत्तर एका ओळीचं: बसवून ठेवायचा असेल तर बोलावूच नका. आणि तीनशे सामन्यांचं गणित? एएचएलचा मोसम ७२ सामन्यांचा. एकही सामना न चुकवता तीनशे व्हायला चार मोसम पुरत नाहीत. वीस वर्षांचा पोरगा चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी वर येणार आणि सत्ताविसाव्या वर्षी, नियमाप्रमाणे, मुक्त होऊन हव्या त्या संघात जाणार. मुरवायचा आपण, ताटात वाढायचा शेजाऱ्यांच्या.

खरं कारण वेगळंच आहे, आणि ते बर्फावर नसून कागदावर आहे. अनुभवी खेळाडूला खाली पाठवायचं तर त्याला आधी वेव्हर्सवर टाकावं लागतं. चोवीस तासांत उरलेल्या ३१ संघांपैकी कोणीही त्याला फुकट उचलू शकतो. नव्या पोराला ही भीती नाही. अठराव्या वर्षी करार केलेला खेळाडू साधारणपणे पाच वर्षं किंवा १६० सामने, यांतलं जे आधी संपेल तोवर, वेव्हर्सविना खाली-वर करता येतो. म्हणजे पोरगा खाली राहतो तो कच्चा म्हणून नव्हे, तर हलवायला सोपा म्हणून. याहून मौज नऊ सामन्यांची. अठरा-एकोणीस वर्षांचा खेळाडू दहा सामन्यांहून कमी खेळला तर त्याचा तीन वर्षांचा पहिला करार एक वर्ष पुढे सरकतो. म्हणून कित्येक पोरं नवव्या सामन्यापर्यंत उत्तम प्रगती करतात आणि दहाव्याच्या आदल्या दिवशी अचानक त्यांच्यात परिपक्वतेचा अभाव आढळतो.

उलट बाजूही पाहा. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून ड्राफ्ट झालेल्या मुलाला विशीच्या आत एएचएलमध्ये धाडायची सोय एनएचएल आणि ज्युनियर लीगमधल्या जुन्या करारात सहसा नव्हती. एक तर वर ठेवा, नाही तर ज्युनियरला परत पाठवा. मग काय झालं? ग्वेल्फचा ड्रू डाउटी २००८ मध्ये आणि बॅरीचा ॲरन एकब्लाड २०१४ मध्ये अठराव्या वर्षीच वर ‘तयार’ ठरले. मधला जिना नसला की पोरं उडी मारतात, आणि जिना असला की त्यांना पायरीवर बसवून ठेवतात. काटकसर करायची तर खुशाल करा, तो धंदा आहे. तिला साधनेचं नाव देऊन आम्हाला प्रवचन का?

मग माझं म्हणणं काय? थोडकंच आहे. पोराला वर बोलवा, तिसऱ्या जोडीत घाला, चौदा-पंधरा मिनिटं द्या. सुरुवात घरच्या सामन्यांपासून करा, कारण खेळ थांबल्यावर शेवटी खेळाडू बदलण्याचा हक्क यजमान प्रशिक्षकाचा असतो; समोर कोणाची लाइन उतरते ते बघून याला पाठवता येतं. जोडीला असा शांत गडी द्या जो पक फार मिरवत नाही. आणि वीस सामने त्याची जागा पक्की ठेवा. एका चुकीवर बाकावर बसवलात तर तो पुढच्या वेळी पक काचेवर आपटून बाहेर काढून मोकळा होईल, आणि त्यासाठी तरुण पाय लागत नाहीत. खाली जे शिकता येत नाही ते हेच: कोपऱ्यात गेलेल्या पकामागे पाठमोरं धावताना खांद्यावरून एकदा मागे बघायला मिळणारा वेळ. एएचएलमध्ये तो जरा जास्त मिळतो, वर मिळत नाही. कमी वेळात निर्णय घ्यायची सवय जास्त वेळ देऊन कशी लागणार, हे गृहस्थांनी अजून समजावलेलं नाही. असं केल्याने सामने हरणार नाहीत का? दोन-चार हरू. आत्ता हरतोय ते कोणाच्या पोरवयामुळे?

एक परीक्षा सुचवतो. पैसा लागत नाही. तिसऱ्या जोडीतल्या त्या पोक्त खेळाडूला उद्या दुपारी वेव्हर्सवर टाका. एकतीस संघ आहेत, त्यांच्याकडेही डोळे आहेत, त्यांच्याकडेही जखमी आहेत. चोवीस तासांत त्यांपैकी एकाने जरी त्याला उचललं, तरी मी गृहस्थांच्या घरी जाऊन लोणचं मागून खाईन. आणि कोणीच नाही उचललं, तर इतके दिवस पोराची वाट अडवून आपण नेमकं काय जपत होतो, याचं उत्तर त्यांनी मला द्यावं. डोळे उघडे ठेवून.