नांवें ठाऊक नसलेलीं माणसें

सांगलीच्या एका भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांत दोन प्रश्न आहेत. पैकीं एक आज घेतों. त्यांचे चिरंजीव चोवीस वर्षांचे असून मुंबईस अंधेरीला एका कचेरींत नोकरीस आहेत, व डोंबिवलीस चौघांच्या खोलींत राहतात. कचेरी सुटल्यावर दादरला गाडी बदलावी लागते. तेथें हा मुलगा लागलीच पुढची गाडी न धरतां पुलाच्या कठड्याशीं, नाहीं तर खालीं फुलबाजाराच्या बाजूस, तास-दीड तास नुसता उभा राहतो, असें त्याच्याच बोलण्यांतून आईस कळलें. “काय करतोस तेथें?” असें विचारतां “माणसें पाहतों” एवढेंच उत्तर मिळालें. तेव्हांपासून मातोश्रींचा जीव थाऱ्यावर नाहीं. मुलगा एकलकोंडा झाला आहे कीं दुसराच कांहीं प्रकार आहे, आणि त्याला बोलावें तरी काय, असें त्या विचारतात.

दुसऱ्या प्रकाराविषयीं मला कांहीं सांगतां येणार नाहीं. चोवीस वर्षांच्या मुलाच्या बाबतींत तो असलाच, तर त्यांत इतकें घाबरण्यासारखें काय आहे हेंहि मला नीटसें उमगत नाहीं. पण पहिल्याविषयीं बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे. त्याच वयांत मींहि मुंबईंत हेंच केलें.

प्रथम जागेचा विचार करावा. चौघांच्या खोलींत एकाच्या वाट्यास येतें काय? एक खाट, खाटेखालची पेटी व भिंतींतला एक खिळा. असल्या जागीं माणूस निजावयास जातो, राहावयास नव्हे. कोंकणांतल्या घराला पडवी असते, देशावरच्या घराला ओटा असतो, पुण्याच्या वाड्याला चौक असे, गिरगांवच्या चाळीला सबंध मजल्याचा मिळून एक सज्जा असे. घर आणि रस्ता यांच्यामधली ही जागा मोठ्या उपयोगाची. तेथें बसलेला माणूस धड घरांत नसतो आणि धड बाहेर नसतो. कोणी बोललें तर बोलावें, न बोललें तर सुपारी कातरीत बसावें. हल्लींच्या इमारतींत दार उघडलें कीं जिना आणि लावलें कीं खाट. मग पडवी आणावयाची कोठून? ती या मुलानें दादरच्या पुलावर शोधली, इतकेंच.

मुंबईंत हें नवें नाहीं. कावसजी दावर यांनीं कापसाच्या पहिल्या गिरणीसाठीं १८५४ सालीं कंपनी उभी केली व १८५६ त ती गिरणी चालूं झाली. पुढच्या शंभर-सव्वाशें वर्षांत कोंकणांतून आणि घांटावरून जे गडी आले, ते बहुधा बायकामुलें गांवीं ठेवून. परळ-लालबागच्या एकेका खोलींत वीस-वीस, तीस-तीस जण राहत. एका पाळीचे लोक कामावर गेले कीं त्यांच्या जागेवर दुसऱ्या पाळीचे लोक अंग टाकीत. जागे असतांना या माणसांनीं जावें कोठें? नाक्यावर, भजनांत, तालमींत, खानावळीच्या पायरीवर.

मी १९७९ सालीं परळच्या बाजूस एका प्राथमिक शाळेंत लागलों. अध्यापनाची पदविका व वडिलांपाशीं केलेलें थोडें संस्कृत, एवढेंच भांडवल. दिवस शाळेंत जाई. संध्याकाळ मात्र खावयास उठे. निजण्यापुरती एका नातलगाकडे जागा होती, आणि जेवणाची सोय एका मावशींच्या खानावळींत लागली होती. मावशी मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा गिरणींत होता, तो वारलेला. दहा हात लांबीची खोली. तींतच चूल, तींतच पंगत. सहा पाट मांडले कीं सातव्यास दाराबाहेर थांबावें लागे. पैसे गिरणीचा पगार झाला कीं महिन्याचे महिन्याला. हिशेब एका लांबट वहींत असे. पण मावशींना अक्षर येत नसल्यामुळें त्या वहींत नांव एकाचेंहि नव्हतें. प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण काढलेली: कोणाची छत्री, कोणाची विळी, कोणाची होडी. माझ्या हिशेबावर पाटी होती.

ब्राह्मणाचा मुलगा मासळीच्या पंगतीला जेवत होता, हें वाचून कांहीं वडीलधाऱ्या वाचकांच्या भुंवया वर जातील. त्यांच्यासाठीं सांगतों. पहिल्याच दिवशीं, मीं एक शब्द बोलण्याच्या आधीं, मावशी म्हणाल्या, “मास्तर, तुमचं ताट येगळं हाय. त्याला बोंबलाचा हात लागायचा न्हाई.” आणि तो सहा वर्षांत लागला नाहीं. मे महिन्यांत घरीं गेल्यावर मीं हें सांगितलें, तेव्हां वडील दोन दिवस गप्प होते. निघतांना आईनें मावशींकरितां कुळथाचें पीठ बांधून दिलें.

त्या पंगतींत मी माणसें वाचावयास शिकलों. केसांत आणि भुंवयांत पांढरे तंतु घेऊन येई तो कापूस पिंजण्याच्या बाजूचा. मोठ्यानें बोले तो साचेवाला. मागांच्या खडखडाटांत वर्षानुवर्षें काढून या लोकांचे कान गेलेले असत, आणि आपल्याला ऐकूं येतें तेवढेंच जगाला येतें अशा समजुतीनें ते ओरडून बोलत. समोरच्याच्या ओठांकडे पाहून अर्धें बोलणें ओळखीत. सकाळीं घाईनें निघून तासाभरांत सावकाश परत येई तो बदली कामगार. त्यानें फाटकाशीं जाऊन उभें राहावें, कोणी गैरहजर असला तर आंत घ्यावें, नाहीं तर आल्या वाटेनें परत. त्या दिवशीं तो भात मागून घेत नसे. हें मला कोणीं सांगितलें नाहीं. चार महिने शेजारीं बसून दिसलें. नांवें मला दोघातिघांचींच ठाऊक होतीं. बाकीचे म्हणजे खिडकीजवळचे, तंबाखू मळणारे, आणि एक साचेवाले काका, जे जेवण होईपर्यंत पाण्याला शिवत नसत.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी होते व सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ, बोनस, बदलीवाल्यांना कायम करणें, मान्यताप्राप्त संघटनेचा जो कायदा होता तो रद्द करणें, अशा मागण्या होत्या. त्यांच्या बऱ्यावाईटाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मीं तो संप पाहिला तो ताटांत. पहिला महिना पंगतीला मोठा रंग होता. सुटी लागल्यासारखे लोक जेवणानंतरहि बसून राहत, आणि मावशी त्यांना उठा म्हणत नसत, कारण पुढची पाळीच नव्हती. फेब्रुवारीच्या अखेरीस लोक दुसऱ्यांदा आमटी घेईनासे झाले. मार्चांत शिमगा आला; कोंकणांतले बरेचसे पालखीला म्हणून गेले ते परतले नाहींत. उरलेले एकच वेळ येऊं लागले. वहींतल्या छत्र्या नि होड्या वाढत होत्या, पैसा एकाहि खुणेपुढें जमा होत नव्हता. एके दिवशीं वाढतांना मावशी वांकल्या तेव्हां कानांतल्या कुड्या दिसल्या नाहींत. त्या आमच्यापैकीं प्रत्येकाच्या ध्यानांत आल्या असल्या पाहिजेत. बोललें कोणी नाहीं.

पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्रीं ते साचेवाले काका जेवण आटोपून मावशींजवळ गेले, आणि कानाशीं लागून, अगदीं हलक्या आवाजांत म्हणून, बोलूं लागले. पण त्यांचा तो हलका आवाज! खोलींतल्या प्रत्येकास शब्द न शब्द ऐकूं आला. चार महिन्यांचें देणें झालें आहे. गांवची जमीन गहाण पडली. मुलीचें ठरलेलें मोडलें. उद्यांपासून येत नाहीं, पण वहींतलें फेडल्यावांचून मरणार नाहीं. आम्ही पांच जण पाटांवर होतों. पांचहि जण ताटांत पाहून जेवत राहिलों. एकानें तर मुद्दामच शेजाऱ्याकडे मीठ मागितलें, आणि शेजाऱ्यानें उगीच मोठ्यानें “घ्या, घ्या” म्हणून तें दिलें. काका वळले तेव्हां त्यांच्या मुद्रेवर, आपलें कोणीं ऐकलें नाहीं, असें समाधान होतें. मावशी त्यांच्या मागून दारापर्यंत गेल्या, आणि त्यांना ऐकूं जावें म्हणून जिन्यांत ओरडून म्हणाल्या, “उद्या या! न्हाई आलासा तर ताट झाकून ठिवीन!”

तीन रात्री तें ताट खरोखरच झांकलेलें होतें. चौथ्या रात्रीं मावशींनीं पाट उचलला. वहींतली त्यांची होडी मात्र मी १९८५ त तो भाग सोडीपर्यंत खोडलेली नव्हती.

तो संप रीतसर असा कधींच मागें घेतला गेला नाहीं. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि त्यांच्या जमिनींवर आज उंच इमारती उभ्या आहेत. मावशी तगल्या त्या बायकांच्या एकीमुळें. प्रेमा पुरव यांनीं खानावळवाल्या स्त्रियांकरितां १९७५ सालींच अन्नपूर्णा महिला मंडळ उभें केलें होतें. सावकाराच्या दारीं न जातां बँकेचें कर्ज मिळावें, ही त्याची मुख्य खटपट. त्या आधारावर मावशींनीं पुढें कचेऱ्यांना डबे पोंचविण्याचें काम धरलें. हा विषय मोठा आहे. स्वतंत्र लेखाचा आहे.

आतां सांगलीच्या भगिनींना सांगावयाचें तें हें. तुमचा मुलगा एकलकोंडा असता तर त्यानें खोलीवर जाऊन भिंतीकडे तोंड केलें असतें. पुलावर उभा राहणारा माणसाच्या शोधांत आहे. त्याला “माणसें पाहतोस म्हणजे काय करतोस?” असें दरडावून विचारूं नका, “आज कोण दिसलें?” एवढें विचारा, आणि तो सांगेल तें ऐका. पगार किती झाला आणि भाजी खातोस कीं नाहीं, हें त्यानंतर विचारलेंत तरी चालेल.

मात्र पाहण्यापाहण्यांत अंतर आहे, आणि या बाबतींत तरुणांना सांगावें असें माझ्याजवळ थोडें आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत गूढपुरुषांचे प्रकार दिले आहेत: कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस इत्यादि. पाहणें हाच त्यांचाहि धंदा. परंतु ते पाहतात तें दुसऱ्याच्या हवालीं करण्यासाठीं. पाणिनीनें ‘साक्षी’ हा शब्द साधला तो प्रत्यक्ष पाहणारा या अर्थीं. साक्षीला बोलावयाचें असतें तें कोणी विचारील तेव्हां. एरव्हीं त्यानें गप्पच राहावें. अलीकडे लोकलगाडींत झोंपेनें मान टाकलेल्या, तोंड उघडें पडलेल्या माणसाचें चित्र फोनवर घेऊन तें चार लोकांना हंसण्याकरितां धाडण्याची चाल पडली आहे. पहांटे पांचला घर सोडलेल्या माणसाला गाडींत डुलकी येणारच. त्याचें चित्र घेणें ही शुद्ध चहाडी आहे. ती करणारीं मुलें पुष्कळदां आपल्याच चांगल्या घरांतलीं असतात, म्हणून येथें लिहितों.

उलट, फोनवर मोठमोठ्यानें बोलून घरची भांडणें सबंध डब्याला ऐकविणारे लोक आहेत, त्यांचा मला पूर्वीं फार राग येई. हल्लीं तितका येत नाहीं. त्यांनाहि वाटत असतें कीं आपलें कोणी ऐकत नाहीं. अशा वेळीं खिडकीबाहेर पाहावें.

पुरुषांच्या डब्यापेक्षां बायकांच्या डब्यांत ही रीत अधिक मुरलेली दिसते. पश्चिम रेल्वेवर १९९२ च्या मे महिन्यांत चर्चगेट-बोरिवली अशी सबंध गाडीच स्त्रियांकरितां सुरू झाली, तेव्हांपासून माझी एक पुतणी अशा गाड्यांनीं जाते-येते. परतीच्या वेळीं बायका भाजी निवडतात, शेंगा सोलतात, तिघींच्या बाकावर चौथीला टेंकूं देतात. वर्षानुवर्षें शेजारीं बसणाऱ्यांना एकमेकींचें आडनांव माहीत नसतें, पण गुरुवारीं कोणाकडे उपास असतो तें ठाऊक असतें. त्यांतली खिडकीजवळ बसणारी एक बाई दोन महिने दिसली नाहीं. चौकशी करावी तर नांवच नाहीं, कोणाला विचारणार? तिच्या जागीं दुसरी बसूं लागली. मग एका संध्याकाळीं ती आली. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, आणि रुमालाखालीं केस नव्हते. खिडकीशीं बसलेली मुलगी न सांगतां उठली. कोणीं कांहीं विचारलें नाहीं. शेजारणीनें तिच्या पिशवींतली गवार निम्मी आपल्या पदरांत ओढून घेतली व शिरा काढावयास सुरुवात केली.

भगिनींचा दुसरा प्रश्न, सकाळीं उपाशीपोटीं गाडी धरण्याचा, पुढील अंकीं घेईन.