रेशमाची परांची

मुलांनो, राजारामपुरीत सध्या कुठल्याही गल्लीत शिरा, एखाद्या तरी घराला बांबू बांधलेले दिसतातच. जुना बंगला पाडून तिथं चार मजले चढत असतात, नाहीतर दिवाळीआधी बाहेरून रंग द्यायचा असतो. उभे-आडवे बांबू, काथ्याच्या गाठी, मध्ये फळ्या. याला म्हणतात परांची. गवंडी तिच्यावर उभा राहून भिंत चढवतो, गिलावा करतो, आणि काम झालं की बांबू सोडून पुढच्या गल्लीत.

आता अशी एक परांची डोळ्यांसमोर आणा, जी तुमच्या बोटाच्या पेराएवढी आहे. ती बांबूची नाही, रेशमाची आहे. ती माणसाच्या हाडात बसवायची आहे, आणि काम संपल्यावर सोडायला कुणाला जावं लागत नाही, कारण ती हळूहळू आपोआप विरून जाते. ही परीकथा नाही बरं का. आपल्या पुण्यात यावर काम झालेलं आहे.

पण आधी एक प्रश्न. हाड मोडलं तर ते जुळवतं कोण? आमच्या चौथीच्या वर्गात विचारलं, तर सगळे एका सुरात ओरडले, "डॉक्टर!" डॉक्टर हाडाची दोन टोकं समोरासमोर आणतात, हलू नयेत म्हणून प्लास्टर घालतात किंवा पट्टी-स्क्रू बसवतात. जोडायचं काम मात्र हाड स्वतः करतं. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, मग तिथं मऊ कुर्चेसारखा एक गोळा तयार होतो. हाड बांधणाऱ्या पेशी त्यात शिरतात आणि त्याला कडक करतात. पुढं काही महिने दुसऱ्या जातीच्या पेशी येऊन जास्तीचं हाड कुरतडतात आणि आकार नीट करतात. गवंडी वेगळे, पाडणारे वेगळे, आणि मुकादम कुणीच दिसत नाही!

मग परांची कशाला हवी? तर प्रत्येक वेळी मोड अशी सरळ नसते. अपघातात हाडाचा चुरा होतो, कधी हाडात गाठ होते आणि ती खरवडून काढावी लागते. मग मध्ये खड्डा राहतो. खड्डा लहान असला तर शरीर तो भरून काढतं. मोठा असला तर पेशींना त्या पोकळीत पाय ठेवायला जागाच मिळत नाही आणि हाड अर्धवट राहतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या मोठ्या भावाचं असंच झालं. पायाच्या हाडात गाठ होती. डॉक्टरांनी ती काढली आणि खड्डा भरायला त्याच्याच कमरेचं थोडं हाड काढून तिथं घातलं. ती मला सांगत होती, "बाई, दादाचा पाय लवकर बरा झाला, पण कंबरच लई दिवस दुखत होती." डॉक्टरांनी काही चुकीचं केलं नव्हतं. स्वतःचंच हाड हा आजही सर्वांत भरवशाचा उपाय मानतात, कारण त्यात आपल्याच जिवंत पेशी असतात आणि शरीर त्याला परकं म्हणत नाही. पण एक जखम बरी करायला दुसरी जखम करावी लागते, आणि कंबरेत असं हाड असतं तरी किती? त्यातून रोगी तुमच्याएवढा लहान असला तर आणखी कमी. म्हणून शास्त्रज्ञ दुसरं काहीतरी शोधत असतात.

शरीराला चालेल अशी वस्तू निसर्गात शोधायची ही खोड जुनी आहे. बोकडाच्या, मेंढीच्या आतड्यापासून केलेल्या दोऱ्यानं शरीराच्या आतले टाके घालत, तो दोरा आतल्या आत विरघळतो. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी भाजलेल्या मुलांच्या जखमेवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली आणि १९८५ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी याच कामासाठी केळीच्या पानाची पट्टी वापरली. स्वस्त, आणि काढताना जखमेला चिकटत नाही! (मोठ्यांसाठी कंसात: हे रुग्णालयात निर्जंतुक करून वापरतात. घरी कुणी भाजलं तर साली शोधत बसू नका, शाई नको, टूथपेस्ट तर नकोच. वीसेक मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि दवाखाना गाठा.)

पण साल किंवा पान हे झालं पांघरूण. ते वरून झाकतं, नंतर काढून टाकायचं. परांचीला आत जावं लागतं, आणि पेशींना तिच्यावर चढावं लागतं. रेशीम नेमकं इथं कामाला येतं.

मागं एकदा माझ्या वर्गातला एक मुलगा मामाकडून रेशमाचे कोष घेऊन आला. आपल्या जिल्ह्यातही तुती लावून रेशीमकिडे पाळणारे शेतकरी आहेत. हा किडा म्हणजे तुमच्यातल्या काही जणांसारखाच, खाण्याखेरीज दुसरं काम नाही! तीन-साडेतीन आठवडे तुतीचा पाला खातो, चार वेळा कात टाकतो, आणि अंड्यातून निघाला तेव्हाच्या सुमारे दहा हजार पट वजनाचा होतो. मग दोन-तीन दिवस मान हलवत स्वतःभोवती धागा गुंडाळतो. एका कोषात साधारण एक किलोमीटर लांब, सलग धागा.

तो धागा दोन पदार्थांचा असतो. आत फायब्रॉइन नावाचं चिवट प्रथिन आणि बाहेरून सेरिसिन नावाचा डिंक. हा डिंक राहिला तर शरीर चिडतं, सूज येते. म्हणून पहिलं काम तो घालवायचा. प्रयोगशाळेत कोषांचे तुकडे करून धुण्याच्या सोड्यासारख्या क्षाराच्या पाण्यात अर्धा तास उकळतात. डिंक निघून जातो, मागं राहतो पांढरा शुभ्र कापसासारखा पुंजका. साध्या पाण्यात तो काही केल्या विरघळत नाही. (विरघळला असता तर आईची रेशमी साडी पहिल्या पावसात गेली असती!) त्यासाठी लिथियम ब्रोमाइड नावाच्या मिठाचं खूप तीव्र पाणी लागतं. ते मीठ नंतर बारीक छिद्रांच्या पिशवीतून, पाणी बदलत बदलत, काढून टाकतात. हाती येतं ते पातळ रेशीम, किड्याच्या पोटात होतं तसंच जवळजवळ!

या पातळ रेशमाचं काहीही करता येतं. पसरून वाळवलं तर पारदर्शक कागद होतो. आणि त्यात मिठाचे खडे घातले तर? रेशीम खड्यांभोवती घट्ट होतं. मग तो गोळा साध्या पाण्यात ठेवायचा. खडे विरघळून जातात आणि जिथं जिथं खडा होता तिथं छिद्र उरतं. खडे जेवढे, छिद्रं तेवढी. इडली आडवी कापून बघा, तसं. हाडाच्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या आत शिरायच्या तर मिलिमीटरचा दहावा हिस्सा ते अर्धा मिलिमीटर एवढी छिद्रं लागतात, आणि ती एकमेकांना जोडलेली हवीत. दारं नसलेल्या खोल्या काय कामाच्या?

गोम अशी की जाळीदार वस्तू लिबलिबीत होते. स्पंज दाबला की बसतो, आणि हाडाला तर भार सोसायचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (१९५० मध्ये सुरू झालेली, पाषाण रस्त्यावरची) डॉ. अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वेगळी वाट काढली. त्यांनी आधी रेशमाचे अगदी बारीक कण केले आणि मग ते कण एकमेकांना जोडून परांची तयार केली. चिरमुऱ्याचा लाडू आठवा! प्रत्येक चिरमुरा वेगळा, शेजाऱ्याला घट्ट धरून बसलेला, आणि तरी मध्ये फटी आहेतच. ही परांची दाबाला अधिक टिकते आणि सावकाश विरते, असं त्यांनी २०१८ मध्ये शोधनिबंधात मांडलं. याच कामातून पुण्यात सेरिजेन नावाची कंपनीही उभी राहिली.

सावकाश विरण्याला एवढं महत्त्व का, सांगते. भिंत अर्धी झालेली असताना कुणी परांची काढून नेली तर गवंडी पडेल. आणि घर बांधून झाल्यावरही बांबू तसेच राहिले तर खिडक्या कशा उघडणार? हाडातही तसंच. नवं हाड जसं भरत जाईल, तसतशी परांची जागा सोडत गेली पाहिजे. रेशीम हे प्रथिन असल्यामुळं आपल्या शरीरातले पाचक रस, म्हणजे विकरं, त्याचे बारीक तुकडे करू शकतात. आणि ते तयार करतानाच त्याची ठेवण बदलून हा वेग कमीजास्त ठेवता येतो. माझ्या मते या सगळ्यात अवघड आणि सुंदर भाग हाच आहे. मजबूत वस्तू करणारे पुष्कळ असतात, वेळेवर निघून जाणारी वस्तू करणं कठीण.

विदर्भाचंही नाव घ्यायला हवं. गडचिरोली-भंडाऱ्याकडं ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवतात. ढिवर समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात. टसरच्या प्रथिनात तीन अमिनो आम्लांची एक खास जोडणी असते, तिला पेशी हात घालून धरू शकतात. तुतीच्या रेशमात ही मूठ नसते. म्हणून टसरकडंही शास्त्रज्ञांचं लक्ष आहे.

देशात इतर ठिकाणीही परांच्या होत आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनं डुकराच्या पित्ताशयातल्या पेशी काढून टाकून उरलेल्या जाळीपासून जखमेसाठी परांची बनवली. तिला २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. 'मिळाली' हा शब्द एका ओळीत मावतो, पण त्याच्या आधी बशीतल्या पेशींवर, मग प्राण्यांवर अशी वर्षानुवर्षं तपासणी चालते, माणसांची पाळी नंतर येते. पेपरात 'चमत्कारी शोध' वाचून आपल्या डॉक्टरांकडं धाव घेणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावं.

हे सगळं वर्गात सांगून झालं, तेव्हा कोष आणणाऱ्या त्याच मुलानं विचारलं, "पर बाई, आत किडा हाय की. त्यो मरतो?"

वर्ग एकदम गप्प. मी त्याला खरं ते सांगितलं. साडीसाठी सलग धागा लागतो. किडा पतंग होऊन बाहेर पडला तर कोषाला भोक पडतं, धागा तुटतो. म्हणून कोष आधीच उष्णता देऊन सुकवतात, आणि आतला किडा मरतो. पण परांचीसाठी तर रेशीम विरघळवायचंच असतं. तिथं धागा सलग असला काय, नसला काय! रेशीमकिड्यांची अंडी तयार करणाऱ्या केंद्रांत नर-मादी ओळखायला कोष कापून आतला जीव जिवंत बाहेर काढतातच. म्हणजे किडा न मारता परांची करता येण्यासारखी आहे. सगळीकडं तसं करतात, असं मात्र मी म्हणणार नाही.

त्याला हे अर्धवट पटलं. "मग तसंच करा म्हणावं की त्यांना," तो म्हणाला. मला त्याचं म्हणणं बरोबर वाटतं. तुमच्यातलं कुणी मोठेपणी त्या प्रयोगशाळेत गेलं, तर हे काम तुमच्याकडं लागलं.

आता या आठवड्याचा उद्योग. तुमच्या स्वतःच्या हाडातही एक परांची आहेच, कोलॅजन नावाच्या प्रथिनाची. पायाचं सूप थंड झाल्यावर जेलीसारखं थलथलतं ना, ते या कोलॅजनमुळंच. हाडाचा कडकपणा येतो तो तिच्यावर बसलेल्या कॅल्शियमच्या क्षारांमुळं. ती बघायची असेल तर रविवारी कोंबडीच्या तंगडीचं हाड जेवणानंतर बाजूला ठेवा (घरी चालत नसेल तर मित्राच्या घरी जाऊन बघा). ते घासून स्वच्छ करा आणि काचेच्या बरणीत, पूर्ण बुडेल एवढ्या व्हिनेगरमध्ये घाला. दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवड्यानं हाड बाहेर काढून धुवा आणि वाकवून बघा. क्षार निघून गेलेले असतील आणि हाड रबरासारखं वाकेल. काय दिसलं ते वहीत लिहा, पण हाड ओलं असतानाच बघून घ्या, वाळलं की पुन्हा ताठ होतं. आणि हो, बरणी आईला विचारूनच घ्या, लोणच्याची नको!