संपबंदीने लोकल वेळेवर धावणार नाहीत




‘रेल्वेतील संपांवर कायमची बंदी घाला’ हे पत्र वाचले. प्रवाशांचे हाल होतात हे खरेच. 4 मे 2010 रोजी मोटरमनच्या आंदोलनाने मुंबईची लोकलसेवा कोलमडली. मोटरमनच्या जागी ऐनवेळी कोणालाही बसवता येत नाही. त्या मार्गाचे सिग्नल, वळणे, फलाट अंगवळणी पडलेलाच माणूस लागतो. मग त्याचे गाऱ्हाणे वेळेत ऐकायला नको का?

8 मे 1974 रोजी सुरू झालेला देशव्यापी रेल्वे संप आठवा. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना आधीच अटक झाली, हजारो कामगार तुरुंगात गेले, रेल्वे क्वार्टर्समधून कुटुंबे बाहेर काढली गेली. तीन आठवड्यांत संप मोडला. संपकऱ्यांची बोनसची मागणी मात्र 1979 मध्ये सरकारला मान्य करावीच लागली.

आमचे जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय. अपरात्री बॅग उचलून ड्युटीवर निघणारे लोको पायलट आम्ही पाहतो. त्यांना पुरेशी विश्रांती मिळणे ही प्रवाशांच्याच सुरक्षिततेची बाब आहे. म्हणून बोलणी ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणे प्रशासनावर बंधनकारक करा आणि संपाची नोटीस येताच प्रवाशांना स्टेशनांवर जाहीर कळवा. दडपून टाकलेली मागणी पुन्हा डोके वर काढतेच, आणि भुर्दंड प्रवाशालाच पडतो.

— एक वाचक, घमापूर, जबलपूर