पातूरच्या पाटीवरची खालची ओळ



अकोला जिल्ह्यातले पातूर. तिथल्या नगरपरिषदेच्या इमारतीवर पाटी आहे, वर मराठी, खाली उर्दू. १९५६ पासून तिथे उर्दूचा वापर आहे, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्याही आधीपासून! कुणाचं काही अडलं नाही. पुढे एका माजी नगरसेविकेला ती खालची ओळ खुपली. २०२० साली परिषदेने बहुमताने ठरवले, ओळ राहू द्या. प्रकरण कोर्टात गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : भाषा म्हणजे धर्म नव्हे, २०२२ चा कायदा मराठी सक्तीची करतो, पण सोबत दुसरी भाषा लिहायला मनाई करत नाही. पाटी राहिली.

काही मराठी मंडळींना हा मराठीचा पराभव वाटला. आम्हाला तसे वाटत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात ढकलले गेले. तेव्हापासून सीमाभागातला आपला माणूस काय मागतो? महाराष्ट्रात यायचं, हे तर आहेच. पण ते होईतो पालिकेचा कागद मला वाचता येईल अशा भाषेत द्या, एवढं तरी! २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तर कर्नाटक सरकारने पालिकाच बरखास्त केली. अशा वेळी आपल्या हाती कागद कोणता? १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेचा : ज्या तालुक्यात, नगरपालिकेत अल्पसंख्य भाषिक शेकडा पंधरा-वीस असतील, तिथे महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतही निघाव्यात. हा कागद बेळगावात फडकवायचा आणि पातुरात फाडायचा? समोरच्याच्या हाती आयते कोलीत!

सर्बियात हंगेरीच्या सीमेजवळ चोका नावाची छोटी नगरपालिका आहे. सर्ब आणि हंगेरियन दोघेही तिथे नांदतात. तिथला कायदाही शेकडा पंधराचाच. तेवढे लोक असले की त्यांची भाषा पालिकेत चालते. राज्य बुडाले नाही.

एवढं लांब कशाला? नाशिकच्या द्वारका चौकातून आग्रा रोड धरा, मालेगाव लागेल. तिथे यंत्रमागावर उर्दू बोलणारा विणकर उभा आहे. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात मदनपुऱ्याचा मोमीन आणि कोकणचा गडी एकाच भोंग्यावर कामाला लागत. घरपट्टी तोही भरतो, आपणही भरतो.

आणि मराठीचं म्हणाल, तर बँकेचा, विम्याचा, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद इंग्रजीत येतो, आपण न वाचता त्यावर सही ठोकतो. तिथे कुणाला खुपत नाही, हे मात्र खासे!

तेव्हा सभेत ठराव येईल त्यात दोन मागण्या एकाखाली एक लिहा : बेळगावात मराठी कागद मिळालाच पाहिजे; पातुरात मराठीखालची उर्दू ओळ जागची हलता कामा नये. हात दोन्हींना वर करा.